चुलीत विस्तव असताना

फोतुआ, फोआ बेट, हापई
ता. ९ मे १९७१

चि. सौ. आनासेइनी हिस लोसालिने आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघी इथे देवाच्या कृपेनं बऱ्या आहोत. तुम्ही दोघं तिथे ऑकलंडच्या थंडीत कसे आहात ते कळवावं. तू पाठवलेला खाऱ्या मांसाचा डबा पोचला. डबा मोठा होता, पण पाद्रीबाईचं नाक त्याहून मोठं. झाकण उघडायच्या आधीच दारात हजर, आणि म्हणते, सहज आले होते. मग अळूच्या पानांत बांधून, नारळाचं दूध घालून शिजवलं आणि तिघींनी खाल्लं. त्यातला अर्धा वाटा सहज आलेलीचाच.

मागच्या पत्रात तू माझ्या अक्षराची तारीफ केलीस. बाई गं, अक्षर तुझ्या नणंदेचं, लेसिएलीचं, माझं नुसतं तोंड. मला अक्षर येत नाही. आणि ती पडली शाळेतली मास्तरीण. मी बोलेन ते सगळं लिहिते, एक शब्द गाळत नाही की पदरचा घालत नाही. परवा मला मध्येच शिंक आली तर म्हणते, आजी, ही पण लिहू का.

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात तुझं बाळ येणार हे वाचून लेसिएलीचा आवाज बसला आणि माझे गुडघे चांगले झाले. मी त्याच दिवशी केवड्याची पानं काढून उकळत घातली. बाळाची चटई मी विणायला घेतली आहे. पोरी, आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही. डबे तू आपणहून पाठवतेस, ते मागणं नव्हे. आज मागते. हे पहिलं मूल तू लेसिएलीला दे.

दचकू नकोस. आपल्यात नवं काही नाही हे. तुझ्या नवऱ्याचे, फेलेतीचे, आईबाप गेले तेव्हा तो चार वर्षांचा आणि ही त्याची बहीण पंधराची. हिनं त्याला पाठीवर घेऊन वाढवलं, शाळेत घातलं, बोटीवर बसवलं. हिचा स्वतःचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, पोटी काही नाही. मी आज आहे, उद्या डोळे मिटले की या घरात ही आणि डुकरं. बाळाच्या आत्यानं मूल मागितलं तर नाही म्हणायचं नसतं, हे तुला वावाऊ बेटावरच्या पोरीला मी काय सांगावं. मला स्वतःला माझ्या आईनं माझ्या आत्याला दिलं होतं, दूध सुटल्याबरोबर. माझं काय वाईट झालं? दात सोडले तर सगळं शाबूत आहे.

इथे लेसिएलीनं पेन खाली ठेवलं. म्हणते, आजी, हे नको. मी म्हटलं, लाजू नकोस, लिही. म्हणते, लाजत नाही. मी म्हटलं, लाजत नाहीस तर मग लिही. लिहिते आहे, पण मान खाली. सदतीस वर्षांची झाली तरी लाजते.

फेलेतीला यात विचारू नकोस. बहिणीच्या बाबतीत भावानं तोंड उघडायचं नसतं, आणि त्यातून पोटातल्या बाळाची गोष्ट. तो बिचारा कुठे बघेल? हे बायकांनी बायकांत ठरवायचं. मी देवळात सांगून टाकलं आहे. विणायला बसणाऱ्या सगळ्याजणी फार खूश झाल्या, दोघी तर रडल्या. त्यातली एक कशानेही रडते, ते सोड.

उत्तर पुढच्या बोटीनं यावं. लोभ आहे, तो समुद्रापलीकडे नेताना भिजू देऊ नकोस.

तुझी आजी,
लोसालिने
(खाली माझा अंगठा आहे. मागच्या वेळी तू डाग समजलीस.)


पॉन्सन्बी, ऑकलंड
ता. २ जून १९७१

ती. आजींच्या चरणी आनासेइनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आम्ही दोघं बरे आहोत. इथे पाऊस आणि गारठा आहे. बिस्किटांच्या कारखान्यात मला आता उभ्याच्या कामावरून बसायच्या कामावर घातलं आहे. बरणीत मोडकी बिस्किटं वेगळी काढायची असतात. फेलेती म्हणतो, तुला हे काम चांगलं जमेल, तू खाऊन टाकशील.

आजी, तुम्ही मागितलंत ते मला मान्य आहे. वन्संनी फेलेतीला वाढवलं ते मला माहीत आहे. तो अजूनही बहिणीचं पत्र आलं की शर्ट घालून मगच वाचायला बसतो. मला आईनंही वावाऊहून लिहिलं की नवऱ्याच्या बहिणीचा शब्द मोडू नये, मोडला तर लोक मला नाही, आईला बोलतील. इथल्या देवळातही बातमी पोचली आहे. कशी पोचली कळत नाही, बोटीच्या आधी पोचली. गेल्या रविवारी तीन मावश्यांनी माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, लेसिएलीचं बाळ कसं आहे. मी म्हटलं, छान आहे.

तर बाळ द्यायला मी तयार आहे. फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत. बाळ किती महिन्यांचं झालं की आणू? बोटीवर त्याला उलट्या होतील का? तिथे दूध कशाचं द्याल? मी आधी काही दिवस पाजू, की मुळीच पाजू नये, म्हणजे त्याला सवय लागायला नको? इथली नर्स म्हणते पाजलेलं बरं. पण तिला आपल्याकडचं माहीत नाही. आणि मी त्याच्यासाठी एक पिवळी टोपी विणायला घेतली होती, ती पुरी करू का? तिथे ऊन असतं, तर टोपी नको असेल.

फेलेती ठीक आहे. तुमचं पत्र आल्यापासून रोज कामावरून आला की शेजारच्या म्हाताऱ्याचं गवत कापून देतो. त्याच्या अंगणात आता कापायला काही उरलेलं नाही, तरी जातो. मी त्याला काही विचारलं नाही, तुम्ही सांगितल्याप्रमाणे.

तुमच्या गुडघ्यांना जपा. वन्संना माझा नमस्कार. लोभ मागण्याइतकी मी मोठी नाही. आहे तो असू द्यावा.

तुमची नातसून,
आनासेइनी


फोतुआ, फोआ
ता. २७ जून १९७१

चि. सौ. आनासेइनीस आशीर्वाद. नेहमीइतके नाहीत. वि. वि.

तुझं पत्र काल लेसिएलीनं वाचून दाखवलं. एकदा वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच, तर दुसऱ्यांदाही तेच निघालं.

तर तू नाही म्हणतेस. चांगलं आहे. दोन वर्षांत तुझ्या तोंडून मोठा शब्द ऐकला नव्हता. मी फेलेतीला म्हणायची, अरे, बायको आणलीस की भिंतीवरचं चित्र. आता चित्र बोललं, आणि कसं बोललं! लेसिएली वाचत होती आणि मी मनात म्हणत होते, ही पोरगी कारखान्यात बिस्किटं निवडत का बसली आहे, हिला संसदेत पाठवा. तू लिहितेस, मान देणं वेगळं आणि मूल देणं वेगळं. तू लिहितेस, ज्याला कधी कुणी विचारलंच नाही त्याच्या गप्प राहण्याला होकार समजू नका. आणि शेवटी लिहितेस, आपल्या चुलीत विस्तव असताना दुसऱ्याच्या दारात विस्तव मागायला जाणारी आई मला व्हायचं नाही.

वा. मी ऐकून घेतलं. या गावात मला नाही म्हणणारी शेवटची बाई मागच्या मोठ्या वादळाआधी वारली.

आता सांग, देवळात मी काय तोंड दाखवू? विणणाऱ्या बायकांनी बाळाच्या चटईचा निम्मा भाग उरकला आहे. पाद्रीबाईनं तर पाळण्यासाठी तिच्या घरातली पेटी देऊ केली, जी ती आपल्या सख्ख्या बहिणीला देत नव्हती. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. म्हटलं, समुद्र खवळलाय, बोट आली नाही. बोट धक्क्याला उभी होती आणि आम्ही सगळ्या ती बघत होतो, तरी कुणी काही बोललं नाही. म्हातारीला एवढा मान आहे अजून.

लेसिएली सगळं मुकाट्यानं लिहिते आहे. हिला वाईट वाटलंच असणार. मूल हातात यायच्या आधीच गेलं. मी म्हटलं, रड हवं तर. म्हणते, आजी, पुढे सांगा.

पुढे काही नाही. तुझं पत्र मी मागून घेतलं आणि उशीखाली ठेवलं आहे. वाचता येत नाही म्हणून काय झालं, पत्र माझ्या नावाचं आहे.

लोभ सध्या चटईखाली ठेवला आहे. हवा असेल तेव्हा काढीन.

लोसालिने आजी
(अंगठा)

ता. क. – आनासेइनी, हे यापुढचं आजीचं नाही. माझं आहे, लेसिएलीचं. आजीला वाटतंय मी पत्ता घालते आहे.

तुझ्या पत्रात होकार होता. मी वाचताना नकार वाचला. पंधरा वर्षं मी मुलांना पट्टी हातात घेऊन सांगते, लिहिलंय तेच वाचा, मनाचं घालू नका. आणि काल तुझा कागद डोळ्यांपुढे धरून एक अख्खं पत्र मनाचं वाचलं, आणि आजीनं पुन्हा वाच म्हटलं तेव्हा तेच पुन्हा वाचलं. दुधाचं विचारलंस तिथे माझा आवाज थांबला होता. त्यानंतर जे तोंडातून निघालं ते मला माहीत नव्हतं माझ्यात आहे म्हणून.

तू मूल देऊ नकोस. टोपी पुरी कर. माझ्यामुळे तुला शिव्या खाव्या लागल्या त्याची माफी असावी.


पॉन्सन्बी, ऑकलंड
ता. १८ जुलै १९७१

ती. लेसिएली वन्संना सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे, घरी नको म्हणून. तुमचा मजकूर मी कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत वाचला, आणि मोडक्या बिस्किटांच्या बरणीवर रडले. मुकादमीणबाईला वाटलं, कळा सुरू झाल्या.

वन्सं, ती विस्तवाची ओळ मला कळली नाही. कुठल्या आईचं ते, मला माहीत नाही. पण ती तीनदा वाचली आणि मला वाटलं, ही माझीच आहे, फक्त मला सापडत नव्हती. मी दोन वेळा नकाराचं पत्र लिहायला बसले होते. दोन्ही वेळा नमस्कार लिहून झाला आणि हात पुढे जाईना.

आता एक करते. सोबतच्या कागदावर आजींच्या नावानं मी माझ्या हातानं लिहिलं आहे, तुम्ही वाचलंत तेच. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की लेसिएली मास्तरीणबाईंनी खोटं वाचलं. थोडं उशिरा लिहिलं, एवढंच. द्यायचं की फाडायचं, ते तुम्ही ठरवा.

एक विचारू? तुम्हाला मूल हवं होतं का? इथे सगळे म्हणतात, लेसिएलीचं बाळ. मीही म्हणत होते. तुम्हाला कुणी विचारलं असेल असंच मला वाटत होतं.

फेलेतीला मी तुमचा मजकूर दाखवला नाही, नुसतं सांगितलं की टोपी पुरी करायची आहे. त्यानं त्या दिवशी गवत कापलं नाही. जपून राहा.

आनासेइनी


फोतुआ, फोआ
ता. ८ ऑगस्ट १९७१

चि. सौ. आनासेइनीस लोसालिने आजीचे सगळे आशीर्वाद, मागच्या वेळी कापून घेतलेलेही. वि. वि.

अक्षर बदललेलं दिसेल. हे पाद्रीबाईचं. ती मध्ये मध्ये शास्त्रातली वचनं घालते, त्यांवरून खुशाल उडी मार. आत्ता म्हणते, वचनं गाळता येणार नाहीत. बरं, तू घाल, ती उडी मारेल.

तुझं उशीखालचं पत्र मला झोपू देईना. तुझा नकार गिळला होता, या वयात काय काय गिळावं लागतं. अडकला तो विस्तव. ऐक. मी आत्याकडे वाढले. माझी जन्माची आई दोन घरं सोडून राहायची. मी तिला आई म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं. पण ती रोज संध्याकाळी आमच्या दारात यायची, हातात नारळाची करवंटी. म्हणायची, चूल विझली, दोन निखारे मिळतील का. आत्या म्हणायची, लोसालिने, दे गं. मी निखारे घालायची, आई तेवढा वेळ माझ्याकडे बघायची, आणि जायची. मला वाटायचं, काय गबाळी बाई आहे, हिला विस्तवसुद्धा राखता येत नाही. एकदा वासरासारखी उधळत मी तिच्या मागे गेले. तर तिची चूल रसरसून पेटलेली. माझे निखारे तिनं बाहेर राखेत ओतले, आणि मला बघून मान फिरवली. मी नऊ वर्षांची होते. मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. फक्त एकदा, लेसिएलीचा नवरा बुडाला त्या आठवड्यात, तिला सांगितलं होतं.

मग ऑकलंडच्या कारखान्यातल्या पोरीला ते कुठून कळलं?

बुधवारी प्रार्थना झाली आणि तुझं पत्र घेऊन मी थेट पाद्रीबाईकडे गेले. म्हटलं, चष्मा लाव आणि जे आहे तेच वाच, वचन घालू नकोस. तिनं वाचलं. होकार. बोटीवर उलट्या होतील का. दूध कशाचं द्याल. टोपी पुरी करू का. पाद्रीबाई रडायला लागली. मी रडले नाही, मला आधी राग आवरायचा होता, आणि तो कुणावर ते ठरत नव्हतं.

घरी लेसिएली चटई विणत होती. मी समोर बसले आणि दुसऱ्या कडेनं विणायला घेतलं, कारण डोळ्यांत बघून आम्हा दोघींनाही बोलता येत नाही. म्हटलं, तू वाचतेस छान, पण लिहितेस त्याहून छान. तिचे हात थांबले. म्हटलं, विणत राहा आणि सांग. तेव्हा सांगितलंन. म्हणाली, आजी, मी एक मूल वाढवलं आहे. पंधराव्या वर्षी पाठीवर घेतलं आणि पंचविशीत खाली ठेवलं. त्याच्यावर जीव टाकला, पण मला विचारून ते दिलं नव्हतं. आता दुसरं नको. मला राजधानीतल्या मुलींच्या शाळेनं तीनदा बोलावलं, वसतिगृह सांभाळायला आणि शिकवायला. दोनदा नाही म्हटलं. तिसरं पत्र चटयांच्या पेटीत आहे. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगितलं. तुम्ही म्हणालात, लाजू नकोस.

तिथे मी गप्प बसले. ही माझी गप्प बसण्याची जागा होती, हे तुलाही पटेल.

पाद्रीबाई, हे नीट लिही. मूल मी लेसिएलीसाठी मागितलं असं गावाला सांगितलं, देवाला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. खरं असं की मला दावं हवं होतं. मूल घरात आलं की ही घरात राहील, आणि दाव्याचं दुसरं टोक माझ्या हातात. माझ्या आत्यानं मला असंच धरलं. इतकी माया की शाळेच्या वाटेवर पाय ठेवू दिला नाही, तिला घरात विणायला जोडीदारीण हवी होती. मी म्हणते ना, माझं काय वाईट झालं? हेच झालं, की माझं पत्र मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावं लागतं. आणि तरी मी तेच करायला निघाले, दोन पोरींना एकाच दाव्यात.

काल लेसिएलीनं तुझा दुसरा कागदही पुढे ठेवला. म्हणाली, हे आता खरोखर तिचं आहे. पाद्रीबाईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. होकाराचं अक्षर म्हणे सुबक, रेघेवर. नकाराचं वाकडंतिकडं, दाबून लिहिलेलं. मी कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. पहिल्यावर काही लागलं नाही. दुसऱ्यावर ओळ न् ओळ हाताला लागली. मला अक्षर येत नाही, पण ते मला वाचता आलं.

तर ठरलं ते असं. मूल तुझं. तूच पाज, हवं तितके दिवस. देवळात मी स्वतः उभी राहून सांगितलं की मागणं माझं होतं, चूक माझी होती, आणि नातीला किंवा नातसुनेला कुणी बोललं तर ते मला बोलल्यासारखं. जी कशानेही रडते ती रडली. आत्याचा मान मात्र कुठे जात नाही. नाव लेसिएली ठेवेल. तेवढा हक्क तिचा, आणि तो तिला हवा आहे, मी या वेळी विचारलं.

चटई पुरी झाली की बोटीनं येईल. ती कुणाच्या नावाची नाही, बाळाची आहे. पाळण्याची पेटी पाद्रीबाईनं परत नेली. आत्ता हे लिहिताना तिचा चेहरा बघायला हवा होतास. आणि मला पतवंडाला बघावंसं वाटेल तेव्हा मी उघड तसं सांगीन, बोटीत बसून येईन. विस्तवाचं निमित्त काढणार नाही.

फेलेतीला म्हणावं, म्हाताऱ्याच्या अंगणात आता गवत वाढू दे.

लोभ चटईखालून काढला आहे. झटकून पाठवते.

लोसालिने आजी
(अंगठा. पाद्रीबाईनं शाई जास्त लावली.)


फोतुआ, फोआ
ता. १४ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. आनासेइनीस आणि नव्या बाईसाहेबांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलगी झाली, पिवळी टोपी डोक्यात मावत नाही, आणि फेलेतीनं नर्सच्या समोर गाणं म्हटलं, हे सगळं कळलं. डोकं मोठं हे माझ्याकडून. लेसिएलीची तार तुला मिळालीच असेल. तिनं मला आधी काही सांगितलं नव्हतं. धक्क्यावरच्या पोरानं येऊन सांगितलं, मास्तरीणबाईंनी बाळाचं नाव तोआकासे ठेवलं. मी म्हटलं, कुणाचं नाव? कारण या गावात ते नाव आता कुणाला माहीत नाही. मीच साठ वर्षांत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. लेसिएलीला ते मी एकदाच सांगितलं होतं, कधी ते तुला ठाऊक आहे.

माझ्या आईचं नाव तोआकासे. तुझ्या घरात तिला हाक मारली की ती आता आईकडेच पळेल. बरं झालं.

लेसिएली सप्टेंबरच्या बोटीनं गेली. धक्क्यावर मी तिला म्हटलं, जा, मी ठणठणीत आहे. ती म्हणाली, आजी, खरं सांगा. मी म्हटलं, खरं सांगितलं तर तू जाणार नाहीस, म्हणून खोटं सांगते, जा. हसली आणि गेली. साठ पोरी आहेत म्हणे तिच्या वसतिगृहात. सगळ्यांना सांगते, लिहिलंय तेच वाचा.

इथे सगळं ठीक. डुकरीण व्याली, सात पिलं. नीरफणस यंदा लहान. पाद्रीबाईचा चष्मा फुटला, तरी लिहिते, तेव्हा ओळी वर गेल्या असतील तर तिला दोष देऊ नकोस.

खरं सांगायचं तर आज लिहिण्यासारखं काही नव्हतं. नाव तुला तारेनं कळलेलंच आहे. परवाही मी इथे पाद्रीबाईकडे पत्र लिहायचं म्हणून आले, आणि दोन ओळी सांगून परत गेले. त्याच्या आदल्या दिवशीही. आज संध्याकाळी आले तेव्हा पाद्रीबाईनं विचारलं, लोसालिने, आज पुन्हा पत्र?

मी म्हटलं, हो. माझ्या चुलीत विस्तव आहे, असं लिही.

लोसालिने आजी
(अंगठा)